दुसऱ्याच्या ओंजळीने

संगणकाच्या इतिहासात मोडलेल्या शब्दांची वानवा नाही. पण शब्द एकाने द्यायचा आणि तो पाळणे मात्र दुसऱ्याच्या हाती असायचे, ही अवस्था ॲपलइतकी चारचौघांत क्वचितच कुणाच्या वाट्याला आली असेल.

१९८४चा मॅकिंटॉश मोटोरोलाच्या ६८००० या चिपवर चालत असे. पुढे १९९१मध्ये ॲपल, आयबीएम आणि मोटोरोला यांनी इंटेलला शह देण्यासाठी हातमिळवणी केली आणि १९९४पासून मॅकमध्ये पॉवरपीसी आली. ऑगस्ट १९९९मध्ये पॉवर मॅक जी४ जाहीर झाला, ४००, ४५० आणि ५०० मेगाहर्ट्झ अशा तीन वेगांत. मोटोरोलाला ५०० मेगाहर्ट्झच्या चिपा पुरवता येईनात. ऑक्टोबरात ॲपलने तिन्ही यंत्रांचा वेग पन्नास-पन्नासने उतरवला. किंमत मात्र तीच ठेवली! वर्षभरापूर्वीच जाहिरातीत पेंटियमला गोगलगायीच्या पाठीवर बसवणाऱ्या कंपनीवर ही वेळ आली होती.

जून २००३मध्ये आयबीएमची जी५ चिप आली. २ गिगाहर्ट्झचे यंत्र दाखवताना स्टीव्ह जॉब्ज यांनी वर्षभरात ३ गिगाहर्ट्झ देण्याचे जाहीर वचन दिले. वर्ष उलटले तेव्हा मजल २.५पर्यंत गेली होती, आणि तीही चिप थंड राखण्यासाठी यंत्रात द्रव खेळवून. लॅपटॉपमध्ये तर जी५ कधी बसलीच नाही. दोष केवळ आयबीएमच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. ॲपल हे मोठ्या नावाचे, पण लहान मागणीचे गिऱ्हाईक होते; अशा गिऱ्हाइकासाठी नवी चिप घडवणे पुरवठादाराच्या हिशेबात कितपत बसणार?

६ जून २००५ रोजी जॉब्ज यांनी इंटेलकडे जात असल्याचे सांगितले. त्या भाषणातली सर्वनामे पाहण्याजोगी आहेत. वचन दिले होते ‘मी’, पण पूर्ण करू शकलो नाही ‘आम्ही’. मराठीत आणताना हे ‘आम्ही’च ठेवावे लागते, ‘आपण’ चालत नाही. पण त्या ‘आम्ही’त आयबीएम धरायची की नाही, हे वक्त्याने मोघमच ठेवले.

त्याच भाषणात आणखी एक गोष्ट उघड झाली. मॅक ओएस टेनची प्रत्येक आवृत्ती पाच वर्षे गुपचूप इंटेलवरही चालवून पाहिली जात होती. म्हणजे ३ गिगाहर्ट्झचे वचन उच्चारले जात असताना, ते फसले तर निघायची वाट आतून तयार होती. याला दूरदृष्टी म्हणावे की अविश्वास? मला तरी १९९९च्या त्या पन्नास मेगाहर्ट्झची आठवण होते.

ऑगस्ट २००६पर्यंत मॅकचे स्थलांतर पुरे झाले. पुढे इंटेलचीही वाट पाहावी लागली, आणि नोव्हेंबर २०२०मध्ये ॲपलने स्वतः आखलेली एम१ चिप आणली. ती घडवली मात्र टीएसएमसी या तैवानच्या कंपनीने.