स्वयंपाकघरातली तोटी

परवा रात्री भाच्याचा फोन आला. हा भाचा आणि त्याची बायको इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर एका शिडाच्या बोटीत राहतात. सुट्टीपुरते नाही, बाराही महिने. (ताईला कुणी विचारलं तर ती अजून "समुद्राजवळ घर आहे" एवढंच सांगते.)

"मामा, आज अख्खा दिवस एक नळ बदलण्यात गेला," तो म्हणाला. बोटीतलं स्वयंपाकघर आपल्या देवघराएवढं. सिंकखाली हात जाईना, मागचा नट गंजून बसलेला. शेवटी आडवं पडून, एका हातात छोटा आरसा धरून त्याने तो सोडवला. मी विचारलं, तुटला होता का? तर नाही, नुसता थेंब थेंब गळत होता. मी म्हटलं, मग एवढी घाई कसली? आमचाही गळतोय दिवाळीपासून.

"मामा, आमची टाकी दोनशे लिटरची आहे. धक्क्याला लागेपर्यंत तेवढंच पाणी. तुमची टाकी केवढी?"

मी म्हटलं, इमारतीची आहे, गच्चीवर. "आणि त्या टाकीत कुठून येतं?" नळातून, असं म्हणणार होतो. जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गळक्या तोटीखाली लिटरचं माप ठेवलं आणि घड्याळ लावून बसलो. सत्तर मिनिटांत भरलं. म्हणजे दिवसाला वीस लिटर. भाच्याची टाकी मी दहा दिवसांत रिकामी केली असती. लगेच प्लंबरला फोन केला.

ही तोटी आम्ही बदलापूरला हा ब्लॉक घेतला त्या वर्षीची, १९८६ ची. ही हिच्या पसंतीची. त्याआधी अंबरनाथच्या चाळीत सामायिक नळ होता आणि पहाटे साडेचारला हंडा घेऊन हीच रांगेत उभी राहायची. (मी शाळेचे पेपर तपासून दमलेला असायचो, असं मी म्हणायचो.) घरात नळ येणार म्हटल्यावर दुकानात तिने इतर कशाकडे पाहिलं नाही. भरीव पितळेची, वरती क्रोमचा मुलामा असलेली तोटी उचलली आणि "ही द्या" म्हणाली. तिला जाऊन आता सहा वर्षं झाली. चार वेळा वॉशर बदलून मी तोटी चालवली, पण या वेळी आतली बैठकच झिजली होती.

प्लंबरने सगळं उघडून दाखवलं. आपण चावी फिरवतो तेव्हा आतला आटे पाडलेला दांडा खाली उतरतो आणि टोकाचा वॉशर पितळी बैठकीवर दाबला जातो. बस्स, एवढंच यंत्र. इंग्लंडातल्या रॉदरहॅम गावच्या गेस्ट अँड क्राइम्स या कारखान्याने १८४५ मध्ये ही रचना आणली आणि पुढे ती जगभर गेली. मुंबईला विहार तलावाचं पाणी १८६० मध्ये नळांतून आलं, म्हणजे रचना पुरती पंचवीस वर्षांचीही नव्हती.

तेव्हा वॉशर चामड्याचा असे. तिथेच आमच्या आजीचं घोडं अडलं होतं. वडील अंबरनाथला विमकोच्या काडेपेटीच्या कारखान्यात होते. आजी गावाहून आमच्याकडे राहायला आली, पण नळाचं पाणी देवाला चालवेना. "त्यात चामडं असतं." देवाच्या पाण्यासाठी वडील कारखान्यातून आल्यावर लांबच्या विहिरीवर जात. आम्हा मुलांना गंमत वाटायची. ज्या विहिरीचं पाणी आजीला चालत होतं, त्या विहिरीवर कुणी यायचं आणि कुणी लांब उभं राहायचं हे ठरलेलं होतं, हे कळायला मला मोठं व्हावं लागलं. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला होता, आणि तरी २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांना चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यावं लागलं. हे मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं. आमच्या घरातली विहीर मात्र त्या धड्याला कधी जोडली नाही. चाळीच्या नळावर निदान ज्याचा हंडा आधी त्याचा नंबर. भांडणं रोजची, पण ती नंबरावरून.

असो. भाच्याचा प्रश्न राहिला. माझी टाकी कुठे सुरू होते?

आमच्या तीन गावांची गंमत अशी की पाण्याची मोठी कामं मुळात आमच्यासाठी झालीच नाहीत. १८५६ मध्ये रेल्वे कल्याणहून पुढे बदलापूरवरून पळसदरीकडे गेली. वाफेच्या इंजिनाला माणसापेक्षा जास्त तहान! अंबरनाथजवळ काकोळे गावात रेल्वेने धरण बांधलं, तेच जीआयपी धरण. पुढे वाफेची इंजिनं गेली आणि धरण राहिलं. आता तिथे रेल नीरच्या बाटल्या भरतात.

मग दुसऱ्या महायुद्धात लष्कराने कल्याणजवळ छावणी उभारली. युद्ध संपलं, सैनिक गेले, आणि त्या रिकाम्या बराकींत फाळणीने उखडलेले सिंधी लोक आले, लाखाच्या घरात. सिंधूकाठची माणसं एका बादलीसाठी नळावर उभी राहिली. ८ ऑगस्ट १९४९ ला चक्रवर्ती राजगोपालाचारींनी कोनशिला बसवली, छावणीचं उल्हासनगर झालं. नदीचं नाव गावाला मिळालं, पण गाव आजही पाणी एमआयडीसीकडून विकत घेतं. गावातून वाहणारी दुसरी नदी वालधुनी. तिच्याच काठी १०६० सालचं अंबरनाथचं शिलाहारांचं देऊळ आहे. ती प्यायची सोडाच, पाय बुडवायच्या लायकीची आपण ठेवली नाही.

एमआयडीसीचं पाणी म्हणजे बारवी धरणाचं. उल्हासच्या या उपनदीवरचं धरण १९७२ मध्ये झालं, तेही कारखान्यांसाठी. ते पाणी नदीतून येतं, जांभूळला उचलून शुद्ध करतात, आणि तिथून कुठल्या कुठे जातं. पार मीरा-भाईंदरपर्यंत.

बदलापूरचं पाणी उल्हासवरच्या बॅरेजचं. मला वाटायचं, ते तरी आमच्या नदीचं. पण उन्हाळ्यात उल्हासला पाणी असतं ते बरंचसं घाटावरून येतं. टाटांनी आंध्रा नदीवर ठोकरवाडीला धरण बांधून १९२२ मध्ये भिवपुरीचं वीजघर सुरू केलं. घाटमाथ्यावरचं पाणी नळांतून खाली सोडायचं, वीज करायची, आणि उरलेलं पाणी उल्हासला. आंध्रा ही इंद्रायणीची, इंद्रायणी भीमेची. म्हणजे जे पाणी देहू-आळंदीवरून पंढरपूरला निघालं होतं, ते आमच्याकडे मे महिन्यात कुकरच्या डब्यात येतं. आजीला हे ठाऊक असतं तर चामड्यासकट चाललं असतं!

इथवर लिहून चार दिवस थांबलो होतो. बारवीबद्दल एक गोष्ट सांगायची की नाही, ते ठरत नव्हतं.

१९७३ च्या जूनमध्ये मी शाळेत नवा लागलो होतो. वर्ष सुरू झाल्यावर महिन्याभराने एक मुलगा दाखल झाला, बदलापूरला मामाकडे राहायला आलेला. मी हजेरी घेताना विचारलं, बाळ, गाव सोडून इकडे का आलास? तो म्हणाला, "सर, आमच्याकडे पाणी आलं म्हणून."

आम्ही तेव्हा चाळीत नळासाठी अर्ज करून बसलो होतो. पाणी आलं म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे नळच आला. मी म्हणालो, "अरे वा! पाणी आलं की लोक गावाला परत जातात, तू उलटा इकडे आलास?" वर्ग हसला. तोही थोडा हसला आणि खाली बसला. त्याचं गाव बारवीच्या खोऱ्यातलं होतं हे मला दिवाळीत त्याच्या मामाने सांगितलं. शेत गेलं होतं, घर गेलं होतं.

मी त्याच्याशी त्या विषयावर कधी बोललो नाही. आज बोलू, उद्या बोलू म्हणता वर्ष संपलं आणि पुढल्या वर्षी तो आला नाही. धरणाची उंची नंतर वाढवत गेले. तोंडली, मोहघर ही नावं पेपरात यायला लागली, घरटी एक नोकरी द्या ही मागणी वर्षानुवर्षं छापून येत राहिली. दरवेळी मी पूर्ण बातमी वाचायचो. त्याचं आडनाव कुठे दिसतं का बघायचो.

नवी तोटी बसली. प्लंबरने उल्हासनगरच्या बाजारातून आणली. कुठली कंपनी विचारलं, तर हसून म्हणाला, "काका, यूएसए." (इकडच्या सगळ्यांना हा विनोद माहीत आहे. बाहेरच्यांसाठी: उल्हासनगर सिंधी असोसिएशन.) हिच्यात वॉशर नाही, चिनी मातीच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात. पाव फेऱ्यात बंद. माझा हात अजून जुन्या सवयीने जोर लावतो.

जुनी तोटी भंगारात देऊ का, असं प्लंबरने विचारलं. पितळेचे पैसे येतील म्हणाला. मी नको म्हटलं. चिंच लावून घासून ती खिडकीत ठेवली आहे.

भाच्याला फोन करून टाकीचं उत्तर दिलं. धरणांची नावं सांगता सांगता त्या मुलाचंही सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, त्याचं नाव आठवतं का?"

आठवतं. पण इथे लिहीत नाही.