‘लिस्ट्स’ : एका शब्दाची कुळकथा

सर वॉल्टर स्कॉटची ‘आयव्हॅन्हो’ (१८१९) ही कादंबरी वाचतांना ‘लिस्ट्स’ हा शब्द वारंवार आढळतो. घोडेस्वार सरदारांच्या भाल्यांच्या झुंजीचें मैदान, हा त्याचा अर्थ संदर्भावरून कळतो. परंतु ‘लिस्ट’ म्हणजे यादी एवढेंच ज्यास ठाऊक, तो वाचक तेथें झुंजणाऱ्यांच्या नांवांची यादी लावीत असतील, अशी समजूत करून घेतो. ही समजूत चुकीची खरी. तथापि तिच्यांत सत्याचा कांहीं अंश आहे.

जुन्या इंग्रजींत ‘लिस्ट’ म्हणजे कापडाचा काठ किंवा कड. जुन्या फ्रेंचमध्यें ‘लिस’ म्हणजे कुंपण. हे दोन अर्थ एकमेकांत मिसळले आणि ‘लिस्ट्स’ हें अनेकवचन आधीं कुंपणास व मग कुंपणाच्या आंतील जागेस लागलें. यादीवाचक शब्दही काठाच्याच जर्मानिक मुळाचा : काठ, पट्टी, कागदाची पट्टी, आणि शेवटीं तीवर लिहिलेलीं नांवें.

परंतु मैदानाचें नांव कुंपणावरून कां पडावें? बाराव्या शतकांतील टूर्नामेंट ही दोन दळांची मोकळ्या रानांतील झुंज असे. ती शेतांतून दूरवर पसरे, आणि प्रतिपक्षाचे सरदार पकडून खंडणी घेणें हा तींतील मोठा लाभ असे. ११३० सालीं क्लेर्मों येथील धर्मसभेनें तिला मनाई केली व तींत मरणाऱ्यास ख्रिस्ती दफन नाकारलें. पण मनाई फोल ठरली. ११९४ मध्यें इंग्लंडच्या पहिल्या रिचर्डनें निराळा मार्ग धरला. त्यानें पांच ठिकाणें नेमून दिलीं आणि दर्जाप्रमाणें फी बसविली : अर्लला २० मार्क, तर भूमिहीन नाइटला २. पुढें झुंज कुंपणांत आली. न्यायनिवाड्याच्या द्वंद्वासाठीं तर चौदाव्या शतकांतील इंग्रजी नियमांनीं ६० पावलें लांब व ४० पावलें रुंद असें मापच ठरविलें. कुंपणामुळें शेतें वांचलीं, प्रेक्षक वांचले. योद्धा मात्र वांचेच असें नाहीं. १५५९ सालीं फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री पॅरिस येथें अशाच खेळांत भाल्याच्या ढलपीनें घायाळ झाला व थोड्याच दिवसांत मरण पावला.

आपल्या ‘आखाडा’ शब्दाची व्युत्पत्ति संस्कृत ‘अक्षवाट’ पासून लावतात. त्यांतील ‘वाट’ म्हणजे कुंपण घातलेली जागा. ‘वाडा’ आणि ‘वाडी’ हे त्याच कुळांतले. झुंजीला खेळ किंवा न्याय हें नांव द्यावयाचें, तर आधीं तिला कड घालावी लागते, याची साक्ष अशा रीतीनें दोन दूरच्या भाषा एकाच तऱ्हेनें देतात.