मोठी चाकं, उंच गाडी आणि भेरूघाटातला धडा

मागच्या काही भागांत आपण रस्त्यांचा इतिहास पाहिला. आज जिथे रस्ता संपतो तिथून पुढचं बोलू. जीपला मोठी टायरं बसवणं आणि गाडी उंच करणं, हा आजचा विषय. तुम्ही म्हणाल, हा तर हौशी पोरांचा उद्योग, यात इतिहास कुठला? आहे. आणि तो मला माझ्या काकांनी शिकवला, अर्थात स्वतःच्या चुकीतून.

आम्ही इंदूरचे. काकांकडे लष्कराच्या लिलावातली जुनी विलीज जीप होती. खंडव्याच्या रस्त्याकडे त्यांची शेती. पावसाळ्यात काळ्या मातीत जीपचं पोट टेकायचं. एका मिस्त्रीने उपाय सांगितला: ६.००-१६ ची टायरं काढून मिनी ट्रकची ७.५०-१६ लावा, आणि पाट्यांचे शॅकल लांब करा. गाडी दिमाखात उभी राहिली. गल्लीतली आम्ही पोरं तर खूश.

आता मूळ जीप कशी होती ते बघा. जुलै १९४० मध्ये अमेरिकन लष्कराने १३५ कंपन्यांना हलक्या टेहळणी गाडीसाठी विचारलं. नमुना तयार करायला मुदत दिली अवघी ४९ दिवसांची. बॅंटम या छोट्या कंपनीने तो वेळेत दिला. पुढे गाड्या मोठ्या संख्येने बनवल्या विलीज आणि फोर्डने. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ८० इंच, इंजिन ६० अश्वशक्तीचं, ब्रेकचे ड्रम ९ इंचांचे. टायर, गिअर, ब्रेक, पाटे, सगळं एकमेकांच्या हिशेबाने बसवलेलं. आपल्याकडे १९४९ मध्ये मुंबईत माझगावला सुट्या भागांतून जीप जोडली जाऊ लागली, ती याच घराण्यातली.

काकांनी त्या हिशेबातली एकच संख्या बदलली. जुनं टायर साधारण २९ इंच उंचीचं, नवं साधारण ३२. म्हणजे घेर दहा टक्के वाढला. मीटरवर ६० दिसायचे तेव्हा गाडी खरी ६६ ने पळायची. चढावर दम लागायचा, कारण चाक मोठं झालं की गिअर आपोआप जड होतो. आणि ब्रेक? ड्रम तेच, पण चाकाची त्रिज्या वाढलेली, म्हणून जमिनीवर पोचणारा जोर सुमारे नऊ टक्क्यांनी घटला. त्यात चाक स्वतःच जड.

शॅकलची गंमत वेगळीच. शॅकल लांब केल्याने फक्त बॉडी वर जाते. चिखलात अडकतो तो डिफरन्शिअलचा गोळा. तो ॲक्सलवर असतो, आणि ॲक्सल जिथल्या तिथेच राहतो. त्याला वर उचलतं ते फक्त टायर, तेही वाढलेल्या उंचीच्या निम्मं. इथे दीड इंच. शिवाय पुढचा ॲक्सल किंचित कलतो, कॅस्टरचा कोन बिघडतो, आणि स्टीअरिंग हातात भटकायला लागतं.

शेतात जीप छान चालली, हे खरंच. पण भेरूघाट उतरताना एका वळणावर काकांनी नेहमीच्या अंदाजाने ब्रेक दाबला, आणि गाडी नेहमीच्या जागी थांबली नाही. कठड्याला घासली. काकूंचा हात मोडला. मी मागे बसलो होतो. तो आवाज आजही कानात आहे. घरी आल्यावर काका एवढंच म्हणाले, "चाकं मोठी केली, पाय तेवढाच राहिला."

म्हणजे मोठी चाकं चूक का? नाही. आता मी तुम्हाला एकदम दक्षिण ध्रुवावर नेतो. ४ जानेवारी १९५८ ला एडमंड हिलरी ध्रुवावर पोचले ते फर्ग्युसन ट्रॅक्टर घेऊन. चाकं बर्फात रुततात म्हणून त्या ट्रॅक्टरांना पट्टे चढवले होते. पुढे आइसलंडमधल्या लोकांनी दुसरी वाट शोधली. हिमनद्यांवर जाण्यासाठी त्यांनी जीपला प्रचंड टायरं लावली आणि हवा दोन-तीन पीएसआयपर्यंत उतरवली. रस्त्यावर आपण तीसच्या आसपास ठेवतो. दाब एक दशांश केला की टायर पसरतं आणि कागदावरच्या हिशेबाने दहापट जागेवर टेकतं. टायरच्या भिंतीही थोडा भार उचलतात, म्हणून प्रत्यक्षात कमी. तरी गाडी भुसभुशीत बर्फात बुडत नाही.

आणि २२ नोव्हेंबर २०१० ला अशाच गाड्यांतून भारतीय शास्त्रज्ञांचा आठ जणांचा चमू दक्षिण ध्रुवावर पोचला. नेते होते रसिक रवींद्र, तेव्हाचे गोव्यातल्या राष्ट्रीय अंटार्क्टिक संशोधन केंद्राचे संचालक. ते मैत्री या आपल्या ठाण्यावरून निघाले. गाड्या टोयोटा हायलक्स, आइसलंडच्या आर्क्टिक ट्रक्सने बदललेल्या, टायरं ४४ इंची. पण त्या कंपनीने नुसती टायरं बदलली नव्हती. एवढ्या चाकासाठी चाकांच्या कमानी, सस्पेन्शन, गिअरचं गुणोत्तर, सगळ्याचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. काकांच्या जीपमध्ये आणि त्या गाडीत फरक इंचांचा नव्हता, हिशेबाचा होता.

आपल्या कायद्याचंही थोडं सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की नोंदणीपत्रातला तपशील आणि निर्मात्याने ठरवलेला मूळ तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते बजावलं. आइसलंडमध्ये मात्र बदललेल्या गाडीची वेगळी तपासणी होते आणि नोंदणीत तशी नोंद करतात. मला विचाराल तर आपल्याकडेही तपासणीची अशी वाट हवी. बंदी असली तरी हौस थांबत नाही. ती गल्लीतल्या गॅरेजात जाते, आणि तिथे ब्रेकचा हिशेब कुणी मांडत नाही.

काकांनी नंतर जुनी टायरं परत लावली. चिखलात जीप पुन्हा अडकायची, आणि आम्ही पोरं खाली उतरून ढकलायचो. काकू मात्र त्या जीपमध्ये परत कधी बसल्या नाहीत.

तुमच्या घरी अशी उंच केलेली गाडी असेल, तर आज एक काम करा. मोकळ्या, सपाट जागी हळू वेगात ब्रेक दाबून पाहा, गाडी कुठे थांबते ते. मग पुढच्या भागात भेटू. नमस्कार.