ताण, पीळ आणि बांबूची कामटी

चंद्रपूरजवळच्या चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे शिकवली जाते ती विद्या या जंगलातल्या बुरडांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहे. कामटी वाकवली की बाहेरच्या अंगाला ताण येतो, आतल्या अंगाला दाब. बांबूचे तंतू सालीकडे जास्त दाट असतात; ताण पेलतात ते तेच.

‘ताण’ आणि ‘तंतू’ दोन्ही संस्कृत ‘तन्‌’ म्हणजे ताणणे या धातूतले. गवयाची तानही तिथलीच. आपण रोज म्हणतो ते ‘टेन्शन’ लॅटिनमधून आलेले, पण त्याच आदिम मुळाचे. म्हणजे ‘ताण’ आणि ‘टेन्शन’ दूरचे भाऊच!

‘पीळ’ मला त्याहून मोलाचा वाटतो. तो ‘पीड्‌’ म्हणजे दाबणे यातून आला. ‘पीडा’ त्याची सख्खी बहीण. धुणे पिळताना पाणी निघते ते दाबामुळेच, हे भाषेने किती नेमके टिपले!

वाकताना कामटीचे थर एकमेकांवरून सरकू पाहतात, ते कर्तन. त्याचा धातू ‘कृत्‌’, कापणे. घरातली कात्री म्हणजे जुनी ‘कर्तरी’.

पाठ्यपुस्तकात या सगळ्यांना मिळून ‘प्रतिबल’ म्हणतात: दर एकक क्षेत्रफळावरचे आंतरिक बल. शब्द अचूक आहे. तरी वर्गात सुरुवात कामटीपासून व्हावी, असे मला मनापासून वाटते.