कतारगाम दरवाजाच्या आतले मास्तर

सुरतेच्या बाहेरच्या तटाला, म्हणजे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला उभ्या राहिलेल्या 'आलमपनाह'ला, जे दरवाजे होते त्यांतला एक कतारगामच्या दिशेने उघडायचा. तट पडला, पण दरवाजाचे नाव त्या भागाला राहिले. दरवाजापलीकडचे कतारगाम हे तेव्हा खेडे होते. इथल्या शेतांतल्या पापडीच्या शेंगांशिवाय सुरती उंधियू उंधियूच नव्हे, असे जुने सुरतकर अजूनही सांगतात. आता त्या शेतांच्या जागी हिरे घासण्याच्या चक्क्या फिरतात, जीआयडीसीचे कारखाने आहेत आणि सौराष्ट्रातून आलेल्या पाटीदारांच्या सोसायट्या आहेत. शहराच्या दुसऱ्या टोकाला, उधना-लिंबायत-दिंडोलीकडे, खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे राहतात. नगर प्राथमिक शिक्षण समिती या शहरात गुजराती, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू, इंग्रजी आणि मराठी अशा सात माध्यमांच्या शाळा चालवते.

शाळेत कोणी काय बोलावे आणि शाळेवर हुकूम कोणाचा, या वादाचा सुरतेतला इतिहास मात्र मराठी वस्त्यांपेक्षा बराच जुना आहे. त्याच्या पहिल्याच पानावर एक मराठी नाव आहे, दादोबा पांडुरंग तर्खडकर.

शाळेत शिकलेल्या प्रत्येक मराठी माणसाला दादोबा माहीत असतात ते व्याकरणकार म्हणून. त्यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये छापून निघाले. १८४० नंतरची काही वर्षे ते सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत शिक्षक होते, हे फारसे कोणी सांगत नाही. त्याच शहरात सरकारी गुजराती शाळेचे शिक्षक होते दुर्गाराम मंछाराम. लोक त्यांना दुर्गाराम मेहताजी म्हणत, कारण गुजरातीत मेहताजी म्हणजे मास्तर. दुर्गाराम नागर ब्राह्मण, जन्म १८०९ चा. मुंबईत शिक्षकाचे शिक्षण घेऊन ते गावी परतले होते. दोघांचाही पगार कंपनी सरकारच्या तिजोरीतून यायचा.

२२ जून १८४४ रोजी या मंडळींनी सुरतेत मानवधर्म सभा स्थापन केली. दुर्गाराम, दादोबा, दिनमणिशंकर, दलपतराम आणि दामोदरदास अशी पाच जणांची नावे गुजराती इतिहासात एकत्र घेतली जातात. सगळी 'द'ने सुरू होणारी, म्हणून गुजरातीत त्यांना 'पाच दद्दा' म्हणतात. ईश्वर एक आहे, मनुष्यजात एक आहे, माणसाची थोरवी कुळावरून नाही तर गुणांवरून ठरते आणि वागणे विवेकाला धरून हवे, ही सभेची मते होती. आज ती पाठ्यपुस्तकात शोभतील. त्या काळच्या सुरतेत ती जातपंचायतीच्या तोंडावर म्हणणे म्हणजे घरदार, सोयरीक आणि पंगत पणाला लावणे होते.

सभेची रीत जास्त महत्त्वाची आहे. बैठका उघड्या असत, येईल त्याला बसता येई. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, कोणत्याही धर्मातल्या ढोंगाची चिकित्सा चालायची. भुते उतरवणाऱ्या आणि मंत्राने करणी करणाऱ्या मांत्रिकांना सभेने जाहीर आव्हान दिले होते की इथे, सगळ्यांसमोर, करून दाखवा. दुर्गाराम या सगळ्याची नोंदवही ठेवत असत. पुढे महिपतराम नीलकंठ यांनी त्यांचे चरित्र लिहिले ते याच नोंदींच्या आधारे. एका प्राथमिक शिक्षकाने चर्चा लिहून ठेवल्या म्हणून गुजरातच्या पहिल्या सुधारणावादी सभेत काय बोलले गेले ते आपल्याला कळते. ही वही मागे राहिली नसती तर सुरतेची ही सभा फक्त एका तारखेपुरती उरली असती.

त्याच वर्षी, सभेच्या स्थापनेनंतर सुमारे दोन महिन्यांनी, सुरतेत मिठाच्या करावरून दंगा झाला. कर मणाला आठ आण्यांवरून एक रुपया केला होता. शहर बंद पडले, लोक रस्त्यावर आले आणि सरकारला कर बारा आण्यांवर आणावा लागला. बाजार पेटलेला, सरकार बिथरलेले, आणि अशा शहरात सरकारचेच नोकर उघड्या सभेत वाद घालत होते. पण सरकारने या मास्तरांचे तोंड बंद केले असे दिसत नाही. धर्म आणि रूढी यांवर बोला, राज्यकारभाराला हात लावू नका, अशी अलिखित हद्द कंपनी सरकारला पुरेशी वाटत असावी.

राज्यकारभारावर बोललेच नव्हते असे नाही. ते दादोबांच्या घरातच बोलले गेले होते. त्यांचे धाकटे बंधू भास्कर पांडुरंग यांनी १८४१ मध्ये 'बॉम्बे गॅझेट'मध्ये इंग्रजांच्या आर्थिक लुटीवर जळजळीत पत्रे लिहिली. दादाभाई नौरोजींच्या कितीतरी आधी. पण त्या पत्रांखाली भास्करांचे नाव नव्हते, 'एक हिंदू' एवढीच सही होती. दादोबांनी सुरतेच्या त्या वर्षांत लिहिलेले 'धर्मविवेचन' छापले गेले ते १८६८ मध्ये, तेही 'एक जगद्वासी आर्य' या टोपणनावाने. १८४९ मध्ये मुंबईत सुधारकांची परमहंस सभा निघाली ती गुप्त होती. सभासदांची नावे बाहेर फुटू नयेत म्हणून केवढी काळजी. १८६० मध्ये सभेची कागदपत्रे चोरीला गेली आणि नावे उघड होण्याच्या धास्तीने सभा मोडली.

तेव्हा भय सरकारचे कमी आणि जातीचे जास्त होते, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. शाळेतल्या विचारस्वातंत्र्याचा इतिहास लिहिताना सगळा दोष राज्यकर्त्यांवर टाकण्याची सवय आपल्याला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मास्तरचा गळा धरणारे हात बहुतेक वेळा त्याच्याच आळीतले होते. त्या भयाला न जुमानता सुरतेची मंडळी उघड बसली. मुंबईपेक्षा लहान आणि सनातनी गावात त्यांनी हे केले, यात त्यांचे मोठेपण आहे.

सभा संपली ती बदलीने. १८४६ मध्ये दादोबा मुंबईला गेले, शिक्षक तयार करणाऱ्या वर्गाचे प्रमुख म्हणून. १८५२ मध्ये दुर्गाराम राजकोटला गेले, शाळाखात्यातल्या वरच्या जागेवर. दोन्ही बढत्या होत्या. कोणी शिक्षा केली नाही, चौकशी बसवली नाही. तरीही मानवधर्म सभा त्यांच्यामागे टिकली नाही. सरकारी शिक्षक ज्या गावात बोलतो ते गाव त्याचे स्वतःचे नसते, खात्याचे असते. सुरतेच्या मास्तरांनी हे भोगले आणि पुढच्या दीडशे वर्षांत हजारो शिक्षकांना ते पुन्हा भोगावे लागले. शिक्षकाला गप्प करायला बहुतेक वेळा बंदीची गरज पडलेली नाही. पगार, बदली आणि अनुदान यांनी ते काम केले.

या सभेच्या वातावरणात वाढलेला सुरतेचा मुलगा म्हणजे कवी नर्मद. १८५० च्या दशकात त्याने रांदेर आणि नानपुरा इथल्या शाळांत मास्तरकी केली, आणि १८५८ मध्ये नोकरी सोडून फक्त लेखणीवर जगायचे ठरवले. १८६४ मध्ये त्याने 'दांडियो' हे तिखट नियतकालिक काढले. त्याला मनासारखे लिहायचे होते आणि नोकरीत राहून ते जमणार नाही हे त्याला पंचविशीतच कळले होते. आज दक्षिण गुजरातचे विद्यापीठ त्याच्या नावाने ओळखले जाते.

१८५४ नंतर शिक्षणखाते नीट उभे राहिले. अनुदान आले, अनुदानाबरोबर तपासणी आली. पन्नास वर्षांत याच यंत्रणेचा उपयोग उघड राजकीय कामासाठी होऊ लागला. मे १९०७ मध्ये भारत सरकारचे गृहसचिव रिस्ली यांच्या सहीने परिपत्रक निघाले. विद्यार्थ्यांनी राजकीय सभांना जाऊ नये, शिक्षकांनी त्यांना त्या वाटेने नेऊ नये, नाहीतर अनुदान, शिष्यवृत्ती आणि संलग्नता धोक्यात येईल. महाराष्ट्राने याचा चटका आधीच घेतला होता. १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी केल्याबद्दल फर्ग्युसन महाविद्यालयाने विनायक दामोदर सावरकर या विद्यार्थ्याला दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहाबाहेर काढले. 'केसरी'ने त्यावर महाविद्यालयाच्या चालकांना सडकून झोडपले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातली नोकरी गमावलेल्या विष्णु गोविंद विजापूरकरांनी सरकारी मदत न घेता समर्थ विद्यालय काढले. १९१० मध्ये सरकारने तळेगावचे ते विद्यालय बंद पाडले.

रिस्ली परिपत्रकाच्या वर्षीच, डिसेंबरात, काँग्रेसचे अधिवेशन सुरतेत भरले. तापीकाठच्या फ्रेंच बागेत खुर्च्या उडाल्या, जोडा फेकला गेला, जहाल आणि मवाळ वेगळे झाले. ही हकीकत मराठी वाचकाला तोंडपाठ आहे. टिळकांच्या बाजूच्या जहालांच्या परिषदेचे अध्यक्ष होते अरविंद घोष. ते बडोदे महाविद्यालयाचे माजी प्राध्यापक, आणि त्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत कलकत्त्याच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य. आपल्यावरच्या खटल्याचा त्रास संस्थेला होऊ नये म्हणून त्यांनी ते पद सोडले होते. खुर्ची सोडल्यावरच मोकळेपणाने बोलता येते, हा नर्मदचाच अनुभव, आता देशपातळीवर.

शाळांवरच्या या सरकारी दाबाला सुरतेने सगळ्यात धाडसी उत्तर दिले ते १९२१ मध्ये. असहकाराच्या लाटेत अहमदाबाद आणि नडियादप्रमाणे सुरत नगरपालिकेनेही आपल्या शाळांवरचे सरकारी नियंत्रण झुगारले. सरकारी अनुदान नको, म्हणून सरकारी तपासनीसही नको. शहरांनी आपल्या प्राथमिक शाळा सरकारच्या हातून काढून घ्यायच्या, हे ब्रिटिश हिंदुस्थानात तोवर फारसे ऐकिवात नव्हते. सरकारने १९२२ मध्ये नगरपालिकाच बाजूला सारली आणि कारभार नेमलेल्या समितीकडे दिला. अहमदाबादेत तर राष्ट्रीय शाळांकडे पैसा वळवल्याबद्दल वल्लभभाई पटेलांसह सभासदांवर वसुलीचे दावे झाले.

या चळवळीचे सुरतेतले दोन खंदे कार्यकर्ते, कुंवरजी आणि कल्याणजी मेहता हे बंधू, मुळात गावच्या शाळेतले शिक्षक. कुंवरजींनी 'पटेल बंधु' हे मासिक काढले, पुढे पाटीदार विद्यार्थ्यांसाठी सुरतेत आश्रम उभा राहिला. खेड्यातला पाटीदार मुलगा शहरात शिकायला येई तो या आश्रमात राहत असे आणि तिथेच त्याला राजकारण कळे. कायदेभंगाच्या काळात सरकारने असे आश्रम ताब्यात घेतले, कारण वसतिगृह ही काय चीज आहे हे सरकारला तोवर समजले होते.

तेच त्या सुमारास खानदेशात घडत होते. तापी खोऱ्यातून सुरतेकडे जाणाऱ्या रेल्वेवर अमळनेर आहे. तिथल्या प्रताप हायस्कुलात पांडुरंग सदाशिव साने १९२४ पासून शिकवत होते, वसतिगृह सांभाळत होते, मुलांसाठी 'विद्यार्थी' मासिक चालवत होते. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहात उतरण्यासाठी त्यांनी नोकरी सोडली. पुढच्या पिढ्यांमध्ये त्याच रेल्वेने हजारो खानदेशी माणसे सुरतेच्या कापडगिरण्यांत आणि यंत्रमागांवर आली, आणि त्यांची मुले महापालिकेच्या मराठी शाळांत बसली.

स्वातंत्र्याच्या वर्षी मुंबई इलाख्याने प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. शहरांतल्या प्राथमिक शाळा शिक्षण मंडळाकडे आल्या आणि मंडळाचे सभासद निवडायचे नगरसेवकांनी. सुरतेची आजची शिक्षण समिती त्याच कायद्यातून आली. १९२१ ची मागणी, शाळा शहराच्या हातात असाव्यात, ही एका अर्थी पूर्ण झाली. पण तिच्याबरोबर पक्षही शाळेच्या दारात आले. २०२१ च्या महापालिका निवडणुकीत आम आदमी पक्षाला १२० पैकी २७ जागा मिळाल्या, त्यानंतर शिक्षण समितीच्या निवडणुकीवरूनही सत्ताधारी आणि विरोधकांत घमासान झाले.

कतारगाम पक्ष आणि शाळा यांच्या या गोष्टीच्या मध्यभागी आहे. २५ ऑगस्ट २०१५ च्या रात्री पाटीदार आरक्षणाच्या आंदोलनाला हिंसक वळण लागले तेव्हा सुरतेतले पाटीदार भाग पेटले, आणि राज्यात मोबाइल इंटरनेट बंद झाले. मागणी होती सरकारी नोकरीतल्या आणि महाविद्यालयातल्या जागांची. २०२२ च्या विधानसभेत कतारगामला भाजपचे विनू मोरडिया आणि आम आदमी पक्षाचे गोपाल इटालिया यांची लढत झाली. राज्यभर त्या निवडणुकीत सरकारी शाळांच्या खोल्या, शिक्षकांच्या रिकाम्या जागा आणि शाळांची अवस्था यांवर वाद झाला. मोरडिया जिंकले. शाळेवर निवडणूक लढवली जाते हे चांगलेच आहे, आणि ते लोकशाहीत आणखी व्हायला हवे.

पण त्या वादात ज्यांना सगळ्यात जास्त माहिती असते ते गप्प असतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकांना शिक्षणाबाहेरच्या कामांना जुंपायला मनाई केली, अपवाद तीन: जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक. म्हणजे मतदान केंद्रावर सरकारी शिक्षक बसलाच पाहिजे, मतदारयादी त्याने घरोघर तपासली पाहिजे. शाळेच्या गळक्या छपराबद्दल मात्र त्याने वर्तमानपत्राशी बोलायचे नाही, नियम आड येतात. २०२३ मध्ये गुजरात विधानसभेने पहिली ते आठवीपर्यंत सगळ्या शाळांत गुजराती सक्तीची केली. महापालिकेच्या मराठी शाळेतल्या खानदेशी पालकाला ती अडचण वाटेलच असे नाही. मुलाला याच शहरात पोट भरायचे असते. तरी मराठी, उडिया, तेलुगू माध्यमांत शिकवणाऱ्या शिक्षकाला या कायद्याबद्दल काय वाटते, वर्गात तो कसा निभावतो, हे त्याला स्वतःच्या नावाने आणि सभेत उभे राहून सांगता आले पाहिजे. सुरतेतल्या दोन सरकारी मास्तरांनी १८४४ मध्ये एवढे तरी मिळवले होते.