पाऊल टेकवून परत : जोडीदाराच्या इमिग्रंट व्हिसाचा पूर्वेतिहास

परदेशी कायमचे राहायला जाण्याआधी एकदा तिथे जायचे, विमानतळावर व्हिसावर शिक्का मारून घ्यायचा, दोन-तीन आठवड्यांत घरी परतायचे आणि मग सवडीने बिऱ्हाड हलवायचे, असा रिवाज गेल्या काही दशकांत महाराष्ट्रातील शिकल्या-सवरल्या कुटुंबांत रुळला असून त्याला बोलण्यात ‘व्हिसा अॅक्टिव्हेट करणे’ असे म्हटले जाते. इमिग्रंट व्हिसा म्हणजे पर्यटकाचा किंवा विद्यार्थ्याचा परवाना नव्हे. कायम वास्तव्यासाठी त्या देशाच्या दारापर्यंत येण्याची ती अनुज्ञा असते, आणि प्रत्यक्ष वास्तव्याचा हक्क दारातील अधिकाऱ्याने प्रवेश दिल्यावरच सुरू होतो. कायद्याच्या लेखी स्थलांतर असे एका दिवशी, एका खिडकीपाशी घडते. कुटुंबाच्या लेखी मात्र ते नोकरीची उरलेली वर्षे, मुलांच्या परीक्षा, म्हाताऱ्या आईवडिलांची दुखणी आणि शेतीचा हंगाम यांच्या हिशोबाने हप्त्याहप्त्याने होते. या दोन हिशोबांचा मेळ घालण्याची तडजोड म्हणून हा रिवाज जन्माला आला, आणि तिचा ताण सर्वाधिक पडला तो ज्याचा हक्क दुसऱ्याच्या हक्कावर टेकलेला असतो अशा जोडीदारावर, म्हणजे बहुतेक वेळा पत्नीवर.

नागपूर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, उमरेडच्या पुढे वसलेले भिवापूर हे मिरचीसाठी ओळखले जाणारे तालुक्याचे गाव. पंजाबचा दोआब किंवा गुजरातचा चरोतर यांसारखे ते स्थलांतराचे आगर नव्हे. १९०८ मध्ये सुरू झालेल्या नागपूर–नागभीड या छोट्या रेल्वेने ते नागपूरशी जोडले गेले, आणि पूर्व विदर्भातील अशा गावांतून बाहेर पडण्याची वाट पुढे मुख्यतः शिक्षणातून गेली. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ मध्ये आणि विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० मध्ये स्थापन झाले. तेथून पदवी घेऊन एखादा डॉक्टर किंवा इंजिनिअर अमेरिकेला जाणार, आणि नंतर त्याच्यामागून पत्नी, भाऊ, बहीण यांचे अर्ज जाणार, असा हा क्रम होता. त्यामुळे येथील स्थलांतराचा इतिहास जहाजांच्या याद्यांपेक्षा कागदांच्या फायलींत अधिक सापडतो.

आरंभी हे कागद नव्हतेच. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या तेव्हा पती गोपाळराव मागेच राहिले होते. पत्नी पुढे आणि पती मागाहून, हा क्रम समाजाला खटकला, पण अमेरिकी सरकारला त्याचे काही सोयरसुतक नव्हते, कारण त्यांच्या प्रवासाला व्हिसा लागतच नव्हता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत हे चित्र पालटले, आणि पत्नीच्या प्रवेशाचा प्रश्न सर्वांत उघडपणे पुढे आला तो दक्षिण आफ्रिकेत. ज्या धर्मात बहुपत्नीत्वाला मुभा आहे त्या धर्माच्या विधीने झालेला विवाह प्रवेशाच्या कायद्यापुरता विवाह मानता येणार नाही, असा निकाल केपच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी मार्च १९१३ मध्ये दिला, आणि एका फटक्यात तेथे स्थायिक झालेल्या भारतीयांच्या पत्नींचा प्रवेशाचा आधार गेला. गांधीजींच्या त्या वर्षीच्या सत्याग्रहात कस्तुरबांसह अनेक स्त्रिया तुरुंगात गेल्या त्यामागे हे एक मुख्य कारण होते. आदल्याच वर्षी आफ्रिकेचा दौरा करून आलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी भारतातून या लढ्यासाठी पैसा उभा केला. १९१४ च्या इंडियन रिलीफ अॅक्टने एका पत्नीपुरता हक्क मान्य केला. कॅनडाने भारतीय मजुरांच्या पत्नींना व अज्ञान मुलांना यायची मुभा दिली ती १९१८ च्या साम्राज्य युद्ध परिषदेतील ठरावानंतर, १९१९ मध्ये. तोपर्यंत नवरा तिकडे लाकडाच्या गिरणीत आणि बायको इकडे सासरी, अशी दशकभराची ताटातूट झालेली कुटुंबे कितीतरी होती.

आज ज्या मुदतींचा विचार करून कुटुंबे विमानाची तिकिटे काढतात, त्या मुदती अमेरिकेच्या १९२४ च्या कायद्यातून आल्या आहेत. त्याआधी १९१७ च्या कायद्याने भारतासह आशियाचा मोठा पट्टा बंद केला होता आणि १९२३ मध्ये भगतसिंग थिंद खटल्यात भारतीयांना नागरिकत्व मिळू शकत नाही असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरवले होते. तरी १९२४ च्या कायद्याने घालून दिलेली यंत्रणा पुढे सर्वांनाच लागू झाली. स्थलांतरिताची निवड बंदरावर न करता त्याच्याच देशातील वकिलातीत करायची, व्हिसा दिल्यापासून जास्तीत जास्त चार महिन्यांत त्याने दाखल व्हायचे, आणि दाखल झालेल्याला तात्पुरते परत जायचे असेल तर एक वर्षापर्यंतचा पुनर्प्रवेश परवाना घ्यायचा, ही तिन्ही कलमे त्याच कायद्यातली. व्हिसाची ही मुदत १९९६ च्या दुरुस्तीने सहा महिने झाली; पुनर्प्रवेश परवान्याची मुदत त्याआधीच दोन वर्षे झाली होती. सांगाडा मात्र शंभर वर्षांपूर्वीचाच राहिला. त्याच कायद्याने अमेरिकी नागरिकाच्या पत्नीला कोट्याबाहेर ठेवले, पण नागरिक स्त्रीच्या पतीला ती सवलत सरसकट दिली नाही. पती आणि पत्नी यांना सारखेच मानण्यासाठी १९५२ उजाडावे लागले. भारतीयांसाठी दार १९४६ मध्ये वर्षाला शंभर जणांपुरते किलकिले झाले. ते खऱ्या अर्थाने उघडले ऑक्टोबर १९६५ मध्ये, जेव्हा वंश-राष्ट्रावर बेतलेले कोटे रद्द होऊन कौटुंबिक नाते आणि व्यवसाय हे निवडीचे आधार ठरले.

नाते हा आधार ठरताच ते सिद्ध करण्याचे काम गावाच्या दप्तरावर येऊन पडले, आणि येथे भिवापूरसारख्या गावाची खरी अडचण दिसते. मध्य प्रांतात जन्ममृत्यूची नोंद गावचा कोतवाल आपल्या वहीत करी व ठाण्यावर कळवी. या कोतवाल बुकात ‘अमक्याला मुलगी’ एवढेच असे, मुलीचे नाव नसे. नाव आढळे ते शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात, आणि तेथील जन्मतारीख गुरुजींनी अंदाजाने घातलेली असण्याचा संभव मोठा. जन्ममृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९ चा. त्याआधी जन्मलेल्या पत्नीसाठी ‘नोंद आढळून येत नाही’ असा दाखला आणि सोबत वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे जोडावी लागत. विवाहाचे तर याहून बिकट होते. हिंदू विवाह विधीने पूर्ण होतो, नोंदणीने नव्हे, म्हणून खेड्यात नोंदणी करण्याचे कारणच कुणाला पडले नव्हते. महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी अधिनियमानंतर ग्रामपातळीवर ग्रामसेवकाकडे हे काम आले, तरी तीस वर्षांपूर्वी मांडवात झालेल्या लग्नाचा दाखला काढताना फॉर्मवर पुरोहिताची सही मागितली जाते आणि लग्न लावणारे भटजी केव्हाच वारलेले असतात. लग्नपत्रिका जपून ठेवणाऱ्या घरांचे काम त्यातल्या त्यात सोपे जाई. पासपोर्टात पत्नीचे माहेरचे नाव, दाखल्यात सासरचे आणि शाळेच्या कागदात तिसरेच, हा तिढा तर प्रत्येक फायलीत असतो, आणि तो सोडवण्यात जेवढे दिवस जातात तेवढे मुलाखतीत मिनिटेही जात नाहीत.

जाऊन लगेच परत येण्याची कल्पना मात्र कायद्याने नव्हे, विमानाने शक्य केली. नागपूरहून मुंबई आणि तेथून बोटीने आठवडेच्या आठवडे, अशा प्रवासाच्या काळात केवळ शिक्क्यासाठी अमेरिकेला जाऊन येणे कुणाच्या मनातही आले नसते. एअर इंडियाची मुंबई–लंडन सेवा १९४८ मध्ये आणि जेट विमानाची न्यूयॉर्क सेवा १९६० मध्ये सुरू झाली. भाडे मध्यमवर्गाच्या आटोक्यात यायला त्यानंतरही बराच काळ गेला. मुलाखतीचे ठिकाण मुंबईतच होते. वांकानेरच्या महाराजांचा ब्रीच कँडीवरील वाडा १९५७ मध्ये अमेरिकी सरकारने दीर्घ भाडेपट्ट्याने घेतला आणि ‘लिंकन हाउस’ या नावाने तेथे वकिलात थाटली. २०११ मध्ये ती वांद्रे-कुर्ला संकुलात गेली. विदर्भातून येणारे जोडपे आदल्या रात्रीच्या गाडीने निघे, ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडे तपासणी व छातीचा एक्स-रे करून घेई, आणि मुलाखत पार पडली की पासपोर्टाबरोबर एक मोहोरबंद पाकीट हाती येई, जे प्रवाशाने उघडायचे नसे. ते पाकीट आणि एक्स-रेची फिल्म हातातल्या बॅगेत ठेवूनच विमानात बसायचे. उतरल्यावर अधिकारी पाकीट फोडून कागद पाही आणि व्हिसाच्या पानावर प्रवेशाची तारीख व वर्ग घालून शिक्का मारी; त्या क्षणी तेच पान वर्षभरासाठी कायम वास्तव्याचा पुरावा ठरे. ग्रीन कार्ड म्हणून ओळखले जाणारे ओळखपत्र मागाहून टपालाने येई, तेही अमेरिकेतील पत्त्यावर, म्हणजे बहुधा अर्ज करणाऱ्या भावाच्या घरी. आता कागद बहुतेक संगणकावरून जातात आणि २०१३ पासून कार्डासाठी वेगळी फी भरावी लागते, पण शिक्क्याचे महत्त्व तेवढेच आहे.

हा रिवाज सर्वाधिक दिसतो तो भावंडांच्या वर्गात. अमेरिकी नागरिकाच्या भाऊ-बहिणीसाठी असलेल्या या वर्गात भारतीय अर्जदाराला पंधरा वर्षांहून अधिक थांबावे लागते, त्यामुळे अर्जाच्या वेळी तिशीत असलेला शिक्षक किंवा बँक कर्मचारी व्हिसा हाती येईपर्यंत निवृत्तीला टेकलेला असतो. चार वर्षे नोकरी उरली असता निवृत्तिवेतनावर पाणी सोडणे शहाणपणाचे नाही आणि सहा महिन्यांची मुदत वाया घालवणेही परवडत नाही, म्हणून रजा काढून एक फेरी मारण्याचा मार्ग निघाला. येथे एक नियम निर्णायक ठरतो. ज्याच्या नात्यावर अर्ज मंजूर झाला तो मुख्य अर्जदार आधी किंवा बरोबर दाखल व्हावा लागतो. जोडीदाराला त्याच्या आधी जाता येत नाही, मागाहून मात्र जाता येते. विवाह मुख्य अर्जदाराच्या पहिल्या प्रवेशापूर्वी झालेला असेल तरच हा मागाहून जाण्याचा हक्क मिळतो. म्हणून अविवाहित तरुणाने ग्रीन कार्ड हाती घेऊन मग गावाकडे येऊन लग्न केले की नववधूचा अर्ज वेगळ्या, वर्षानुवर्षांच्या रांगेत जाई. १९९० च्या दशकात अशा रांगेत अडकलेल्या नवपरिणीता माहेर आणि सासर यांच्यामध्ये लटकलेल्या असत. ही व्यवस्था अन्यायाची होती. २००० मध्ये अमेरिकी काँग्रेसला त्यांच्यासाठी खास तात्पुरता व्हिसा काढावा लागला, यातच त्या अन्यायाची कबुली आहे.

नागरिकाच्या जोडीदाराची गोष्ट वेगळी. तेथे वार्षिक संख्येची मर्यादा नाही, पण लग्न केवळ व्हिसासाठी केले असावे या संशयाला १९८६ च्या कायद्याने नियमात बसवले : प्रवेशाच्या दिवशी विवाहाला दोन वर्षे झाली नसतील तर वास्तव्य दोन वर्षांपुरते सशर्त, आणि ती संपण्यापूर्वीच्या नव्वद दिवसांत पतिपत्नींनी मिळून शर्त काढण्याचा अर्ज करायचा. मोजला जातो तो व्हिसा मिळाल्याचा नव्हे, प्रवेशाचा दिवस. त्यामुळे लग्नाचा दुसरा वाढदिवस व्हिसाच्या मुदतीत येत असेल तर तो उलटल्यावर जाणारे जोडपे या फेऱ्यातून सुटते. इतर देशांनी हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. कॅनडात जून २००२ पर्यंत वर्षभरात १८३ दिवसांहून जास्त बाहेर राहणाऱ्याने वास्तव्य सोडले असे गृहीत धरले जाई. नव्या कायद्याने पाच वर्षांत ७३० दिवस एवढीच अट ठेवली, आणि ‘लँडिंग’ करून परत येण्याची चाल त्यानंतर पुष्कळच सोपी झाली. ऑस्ट्रेलिया तर व्हिसाबरोबर पहिल्या प्रवेशाची शेवटची तारीखच लिहून देते. अमेरिकेचा नियम यापेक्षा धूसर आहे : तेथे दिवसांपेक्षा हेतू तपासला जातो.

हेतू तपासायचा म्हणजे नोकरी कुठे, घर कुठे, जोडीदार कुठे आणि कर कुठे, हे पाहायचे. वर्षाहून जास्त काळ बाहेर राहिल्यास कार्डावर परत येता येत नाही, आणि वर्षातून एकदा नुसता पाय टेकवून येणाऱ्यालाही अधिकारी अडवू शकतो. शिक्का पडलेल्या दिवसापासून ती व्यक्ती अमेरिकेची करदाती होते आणि तिला जगभरचे उत्पन्न दाखवावे लागते. भारतात आयकरमुक्त असलेले भिवापुरातील मिरचीच्या शेतीचे उत्पन्नही त्यात येते, ही गोष्ट फेरी मारून परतलेल्या फार थोड्या कुटुंबांना वेळेवर कळते. भारतीय खात्यांतील एकत्रित शिल्लक दहा हजार डॉलरांवर गेली की तीही कळवावी लागते. परतून वर्षाहून अधिक थांबायचे असेल तर पुनर्प्रवेश परवाना हाच सरळ उपाय आहे, आणि पती-पत्नी दोघांनाही तो स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. त्याचा अर्ज अमेरिकेच्या भूमीवर असतानाच करावा लागतो, बोटांचे ठसेही साधारणतः तेथेच द्यावे लागतात. नागपूरला परतल्यावर तो करता येत नाही.