मुक्ती सदन : १९०५ च्या आधी
केडगावच्या मुक्ती सदनाचा इतिहास वाचताना मी १९०५ या वर्षापाशी थबकतो. त्या जूनमध्ये प्रार्थना करताना मुली ओक्साबोक्शी रडू लागल्या. काहींनी अंगात अग्नी उतरल्याची साक्ष दिली. पेंटेकोस्टल चळवळीच्या इतिहासात हे पवित्र आत्म्याचे सामर्थ्य म्हणून नोंदले गेले. मी मात्र त्याची मुळे आधीच्या दुष्काळांत शोधतो. १८९७ मध्ये मध्य प्रांतातून आणि १९०० मध्ये गुजरातेतून आणवलेल्या निराधार मुलींना पंडिता रमाबाईंनी अन्न, घर आणि अक्षरओळख दिली. आश्रयदात्याचा धर्म आश्रिताला नाकारता येतो का, हा प्रश्न मला टाळता येत नाही. पण रमाबाईंच्या मराठी बायबलचे खिळे पुढे मुक्तीतल्या बायकांनीच जुळवले. त्यांना केवळ उपकृत म्हणणे मला अपुरे वाटते.